मक्यावरील लष्करी अळी आणि तिला मारणारी बुरशी

बुरशी म्हटले की करपा आणि तांबेरा डोळ्यांसमोर येतात व हात बुरशीनाशकाकडे जातो. परंतु काही बुरशी पिकाच्या वाटेला जात नाहीत. त्या अळ्यांवर जगतात. खरिपात पावसाची झड लागून गेल्यावर मक्याच्या पानावर खडूच्या तुकड्यासारखी पांढरी, ताठ झालेली अळी कधी कधी चिकटलेली दिसते. पुढे तिच्यावर फिकट हिरवी भुकटी धरते. ही अळी नोमुरिया रिलाई या बुरशीने मेलेली असते. ती काढून फेकू नये. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. वाऱ्या-पावसाबरोबर ते शेजारच्या अळ्यांपर्यंत पोचतात.

अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ साली प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली. डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’ आणि शेपटीकडे चौकोनात चार ठळक काळे ठिपके, ही तिची खूण. लहानपणी ती पान खरवडते, तेव्हा पानावर पांढरे चट्टे दिसतात. मोठी झाली की पोंग्यात शिरते आणि वर विष्ठेचा थर साचतो. मग कोणतेही औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून पांढरे चट्टे दिसताच कामाला लागावे.

बीटी जिवाणू अळीच्या पोटात जावा लागतो, बुरशीला त्याची गरज नाही. बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, रुजतो, कातडी विरघळवून आत शिरतो आणि अंगातील रसावर वाढतो. मात्र रुजण्यासाठी त्याला ओलावा लागतो. त्यामुळे पावसाळी ढगाळ हवेत बुरशी उत्तम काम करते. उन्हाळी मक्यात केवळ तिच्यावर विसंबणे आम्हांस योग्य वाटत नाही.

पेरणीनंतर १५ ते २५ दिवसांत मेटारायझियम अॅनिसोप्ली ५ ग्रॅम किंवा नोमुरिया रिलाई ३ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून पोंग्यात पडेल अशी फवारणी करावी. पुड्यावर ग्रॅममागे १० कोटी बीजाणूंचा (१ × १०⁸) उल्लेख व वापराची अंतिम तारीख पाहूनच खरेदी करावी. भुकटी आधी थोड्या पाण्यात कालवून फडक्याने गाळावी, नाहीतर नोझल तुंबते. फवारणी संध्याकाळी करावी, कारण कडक उन्हात बीजाणू मरतात. गरज पडल्यास १० दिवसांनी पुन्हा फवारावे.

तिसऱ्या दिवशी अळ्या जिवंत पाहून अनेक जण धीर सोडतात व रासायनिक औषध मारतात. बुरशीला अळी मारण्यास साधारण आठवडा लागतो. त्याआधीच रोगट अळीचे खाणे मंदावते. अर्थात, पोंग्यात मोठ्या अळ्या भरल्या असतील तर बुरशीची वाट पाहत बसू नये, शिफारशीतील कीटकनाशक वापरावे.

बुरशीनाशक यात कधीही मिसळू नये. बुरशीनाशक मारलेला पंप असल्यास तो आधी स्वच्छ धुवावा. शिल्लक पुडा सावलीत, थंड जागी ठेवावा.

जवळपास तुतीची बाग किंवा रेशीम कीटकांचे संगोपनगृह असेल, तर तेथे ही बुरशी फवारू नये. रेशीम कीटकही अळीच आहे आणि नोमुरियाला ती तितकीच आवडते.