पदक आणि पडदा

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

लष्करातून बाहेर पडून तू अभिनयाकडे वळणार आहेस, याला माझा विरोध नाही. पण ‘जे मी जगलोय ते शिकायला मला कुठल्या वर्गात जायची गरज नाही’ हे तुझं म्हणणं मला पटत नाही. ऑडी मर्फीचंच बघ. टेक्सासमधल्या, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या घरातला हा मुलगा. जानेवारी १९४५ मध्ये फ्रान्समधल्या होल्त्सविरजवळ पेटलेल्या चिलखती गाडीवर चढून, तिच्यावरची मशीनगन चालवत त्याने जर्मन हल्ला थोपवला. त्यासाठी त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळालं. जुलैत ‘लाइफ’ या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो आला आणि तो पाहून अभिनेता जेम्स कॅग्नीने त्याला हॉलिवूडला बोलावलं. याहून मोठी शिफारस कुणाला मिळणार? तरीही पडद्यावरच्या पहिल्या किरकोळ भूमिका मिळायला १९४८ उजाडलं. मधली वर्षं शिकण्यात आणि ओढाताणीत गेली. ‘टू हेल अँड बॅक’ या चित्रपटात तो स्वतःच्याच भूमिकेत उभा राहिला ते १९५५ साली, अनेक चित्रपट केल्यानंतर, आणि तेव्हाही तो आधी तयार नव्हता.

तू हॅरॉल्ड रसेलचं नाव घेशील. दोन्ही हात गमावलेल्या या सैनिकाने अभिनयाचा गंध नसताना १९४६ च्या एका चित्रपटात काम केलं आणि त्या एकाच भूमिकेसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाली. खरं आहे. पण ती भूमिका त्याच्यासाठीच घडवलेली होती, आणि दिग्दर्शक विल्यम वायलरने पुढे त्याला कॉलेजात परत जायचा सल्ला दिला. तो त्याने मानला. एक भूमिका अनुभवावर निभावते. तुला हवा आहे तो आयुष्यभराचा व्यवसाय.

खरी वेदना असली की अभिनयही खरा होतो, हेही मला अर्धवट वाटतं. मर्फीची वेदना खरीच होती. उशीखाली भरलेलं पिस्तूल ठेवून तो झोपायचा, झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेला होता. त्यातलं पडद्यावर फार थोडं आलं. बाकीचं घरात राहिलं. पुढे सैनिकांच्या मानसिक जखमांबद्दल तो उघडपणे बोलला, आणि त्याच्या शौर्यापेक्षा मला ते अधिक मोलाचं वाटतं.

म्हणून आधी अभिनयाच्या एखाद्या वर्गात नाव घाल. प्रवेशाच्या मुलाखतीत सेवेचा उल्लेख विचारल्यावरच कर. आणि झोप उडत असेल, तर ते दिग्दर्शकाआधी डॉक्टरला सांग.

तुझा,
काका