जुन्या टेबलावर मत्स्यालय

प्रश्न : जुन्या सागवानी टेबलावर तीन फुटी फिशटँक ठेवता येईल का? – एक वाचक, सेनगाव (जि. हिंगोली)

उत्तर : आधी वजन मोजावे. 3 फूट लांब, 1 फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे 127 लिटर, म्हणजेच 127 किलो पाणी मावते. काच, वाळू, दगड धरले की भार दीडशे किलोंपुढे जातो आणि दिवसरात्र तसाच राहतो.

वाळवी नसलेले सागवान तो पेलते. भुशाच्या बोर्डाचे कपाट मात्र टाळावेच. पाणी लागताच ते फुगते.

खरी मेख पायांत आहे. भार फळीच्या मध्यावर न राहता थेट पायांवर उतरायला हवा. सुताराकडून मागे तिरपी पट्टी ठोकून घ्यावी, टेबल डुलत नाही. टाकीखाली थर्माकोल घालावा. टाकी समतल बसली का ते पाणसळीने पाहावे; अर्धे पाणी भरून पाणसळ पुन्हा लावावी.