गाडीवरचे ओरखडे : पत्रा वाचवा, शेजारही वाचवा



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खत-पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. आज विषय जरा वेगळा घेतला आहे, पण तोही उसाशीच बांधलेला आहे. गळीत हंगाम सुरू झाला की आपले ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि मोटारसायकली रात्रंदिवस फडात, पाणंदीत, रस्त्यावर आणि गाडीतळावर असतात. कुठे कुणी खिळ्याने बॉनेटवर रेघा ओढतो, कुठे रिफ्लेक्टर फोडतो, कुठे चाकाची हवा सोडतो. सकाळी मालक येतो, चरा बघतो आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो कुणाचे तरी नाव.

आमच्या गट कार्यालयांत अशा तक्रारी दर हंगामात येतात. आम्ही पाहतो ते असे की नुकसान दोन ठिकाणी होते. एक पत्र्याचे आणि दुसरे शेजारधर्माचे. पत्र्याचे नुकसान वेळीच हात लावला तर थोडक्यात आवरते. शेजाऱ्यावर विनापुरावा घेतलेला आळ मात्र बांधावरच्या भांडणापर्यंत जातो आणि मुलांच्या पिढीपर्यंत पुरतो. म्हणून या लेखात आम्ही क्रम सांगणार आहोत: आधी तपासणी, मग नोंद, मग दुरुस्ती. नाव घ्यायचे ते पुरावा हातात आल्यावरच.

गाडी सुरू करण्याआधी

ज्याने रंगावर खिळा चालवला त्याने आणखी कुठे हात घातला नसेल असे धरून चालू नये. चरा दिसला की लगेच स्टार्टर मारू नका. गाडीभोवती एक फेरी घाला. चाकांची हवा, व्हॉल्व्ह, ब्रेकचे पाइप, ट्रॉली जोडायची पिन आणि तिची कडी, मागचे दिवे व त्यांच्या वायरी बघा. डिझेल टाकीचे झाकण उघडलेले वाटले किंवा त्याच्या तोंडाशी माती अगर साखर सांडलेली दिसली, तर इंजिन सुरूच करू नये. साखर डिझेलमध्ये विरघळत नाही. ती तळाशी बसते आणि फिल्टर चोंदवते. वाळूचेही तसेच. टाकी काढून धुतली तर काम थोडक्यात भागते, तशीच गाडी चालवली तर पंपापर्यंत खर्च जातो.

आणि एक गोष्ट रंगाच्या आधी करायची. ट्रॉलीचे मागचे लाल रिफ्लेक्टर किंवा चकाकणारी पट्टी खरवडली गेली असेल, तर ती त्याच दिवशी बदलावी. चऱ्याने ट्रॅक्टर विद्रूप दिसतो एवढेच. रात्री अंधारात उभी असलेली, रिफ्लेक्टर नसलेली भरलेली ट्रॉली मात्र मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेते. असे अपघात आपल्या भागाला नवे नाहीत.

चरा कशाचा, हे ओळखायला शिका

प्रत्येक ओरखडा माणसानेच काढलेला असतो असे नाही. उसाच्या पानात सिलिका असते, म्हणजे वाळूच्या जातीचे द्रव्य. म्हणून तर पान हाताला कापते. दाट फडातून ट्रॅक्टर गेला की बॉनेटच्या बाजूंवर बारीक, उथळ, एकाच दिशेच्या पुष्कळ रेघा उमटतात. पाणंदीतली बाभूळ किंवा काटेरी तार लागली तर लांब, एकाच उंचीवरच्या आणि गाडीच्या लांबीच्या दिशेने गेलेल्या रेघा दिसतात. धुळीने माखलेली टाकी कोरड्या फडक्याने पुसली तर गोल गोल बारीक ओरखडे येतात. ते तर आपणच काढलेले असतात!

मुद्दाम काढलेला चरा वेगळा दिसतो. तो एका जागी खोल सुरू होतो, मध्येच वळतो, रेघा एकमेकींना छेदतात किंवा अक्षरे उमटतात. पुष्कळदा तो उभ्या माणसाच्या कमरेच्या उंचीला असतो. तीन-साडेतीन फुटांखाली वेड्यावाकड्या रेघा आणि चित्रे असतील, तर ते पोरांचे काम समजावे.

एका गावी एका सभासदाने शेजाऱ्यावर असाच आळ घेतला होता. बोलाचाली थांबली, सामाईक विहिरीवरची पाण्याची पाळीही बिघडली. आमच्या शेतकी मदतनिसाने टेप लावून चऱ्याची उंची मोजली आणि तीच टेप पाणंदीच्या कडेला लोंबणाऱ्या काटेरी तारेला लावली. उंची तंतोतंत जुळली, तारेला रंगही लागलेला होता. चरा दोन दिवसांत निघाला, पण पाण्याची पाळी सुरळीत व्हायला उन्हाळा उजाडला.

नोंद कशी करावी

चरा मुद्दाम काढलेला आहे अशी खात्री पटली तर गाडी धुण्याआधी फोटो काढावेत. एक संपूर्ण गाडीचा, नंबर दिसेल असा. एक जवळून, शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून. एक आजूबाजूच्या जागेचा. तारीख, वेळ, गाडी कुठे उभी होती आणि शेवटची धड कधी पाहिली होती, हे वहीत लिहून ठेवावे. गाडीतळावर प्रकार झाला असेल तर तेथील पहारेकऱ्याला आणि गट कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवावे. कॅमेऱ्यातले चित्रण ठराविक दिवसांनी पुसले जाते, म्हणून उशीर करू नये.

आता कायद्याचे. दुसऱ्याच्या मालमत्तेचे मुद्दाम नुकसान करणे याला कायद्याच्या भाषेत आगळीक म्हणतात. पूर्वी यासाठी भारतीय दंड विधानाचे कलम ४२७ लावीत. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहिता, २०२३ चे कलम ३२४ आले आहे. साध्या आगळिकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. नुकसान २० हजार रुपयांपासून एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि एक लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणून दुरुस्तीचा अंदाज गॅरेजवाल्याकडून लेखी घ्यावा. रकमेला महत्त्व आहे.

किरकोळ नुकसानीची तक्रार पोलीस ठाण्यात बहुधा अदखलपात्र म्हणून, आपण 'एन.सी.' म्हणतो तशी, नोंदली जाते. तिचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय होत नाही. "मग उपयोग काय?" असे पुष्कळजण विचारतात. उपयोग असा की विम्याला कागद लागतो आणि तोच प्रकार पुन्हा घडला तर पहिली नोंद कामी येते. तक्रारीत माहीत आहे तेवढेच लिहावे. पाहिले नसेल तर संशयिताचे नाव 'पाहिले' म्हणून घालू नये. नकळत गाडी घासली गेली असेल तर ती आगळीक होत नाही. त्या कायद्यात हेतू किंवा जाणीव असावी लागते. अशा वेळी समोरासमोर बसून भरपाई ठरवलेली बरी.

विम्याची पॉलिसी एकदा वाचून काढा

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या चऱ्याचा एक पैसाही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत खोडसाळपणाने केलेले नुकसान धरलेले असते. पण ट्रॅक्टरवाल्यांनी इथे थांबून नीट वाचावे. ट्रॅक्टर-ट्रॉलीची पॉलिसी व्यापारी वाहनांच्या वर्गात निघते. त्या वर्गात दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेटच्या बाजू, बंपर आणि रंगकाम हे भाग मूळ पॉलिसीतून वगळलेले असतात. ते हवे असतील तर जादा हप्ता भरून 'आय.एम.टी. २३' हे कलम घ्यावे लागते. पॉलिसीच्या कागदावर हा आकडा आहे का, ते आजच बघा. शिवाय वापर 'स्वतःच्या शेतीसाठी' असा लिहिला असेल आणि ट्रॅक्टर भाड्याने दुसऱ्याचा ऊस वाहत असेल, तर कंपनी हरकत घेऊ शकते.

लहान चऱ्यासाठी क्लेम करण्याआधी हिशेब करावा. क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी हप्त्यातील सूट पहिल्या वर्षी २० टक्के असते आणि वाढत जाऊन ५० टक्क्यांपर्यंत पोचते. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी ती शून्यावर येते. क्लेम करायचाच असेल तर कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत रंगकाम करू नये.

चरा किती खोल गेला आहे

जसा जमिनीला थर, तसा गाडीच्या रंगालाही. तळाला लोखंडी पत्रा, त्यावर गंज रोखणारा प्रायमर, त्यावर रंग आणि मोटारींवर बहुधा सर्वांत वर पारदर्शक लॅकरचा थर. हे सगळे मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर भरते. पुष्कळ ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना वरचा पारदर्शक थर नसतो, रंग हाच शेवटचा थर.

जागा साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा आणि नख आडवे फिरवा. नख अडकत नसेल आणि पाणी लावल्यावर रेघ दिसेनाशी होत असेल, तर चरा वरवरचा. नख अडकते आणि आत पांढरट, करडे किंवा तांबूस दिसते, तर तो प्रायमरपर्यंत गेला. आत चकचकीत धातू दिसला तर पत्रा उघडा पडला. पहिल्या प्रकाराला घाई नाही. तिसऱ्याला मात्र एक दिवसही दवात ठेवू नये.

घरच्या घरी दुरुस्ती

वरवरच्या चऱ्याला रबिंग कंपाउंड पुरते. मऊ ओल्या कापडावर थोडे घेऊन हलक्या हाताने घासावे, मग पॉलिश लावावे. टूथपेस्टने रेघ पुसट होते हे खरे, कारण तिच्यातही बारीक घासणारी पूड असते. पण खोल चऱ्यात ती नुसती भरून बसते. त्याने काही साधत नाही.

पत्रा उघडा पडला असेल तर असे करावे. गंजाची सुरुवात झाली असल्यास पॉलिश पेपरने धातू स्वच्छ लागेपर्यंत घासावे. थिनरच्या फडक्याने पुसून कोरडे करावे. इथे डिझेल किंवा रॉकेलने पुसायची आपली सवय आड येते. त्यांचा तेलकट थर राहतो आणि वरचा रंग पापुद्रा होऊन सुटतो. नंतर मेटल प्रायमरचा पातळ हात द्यावा. खड्डा असेल तर लांबी भरून, वाळल्यावर पाणी लावून बारीक वॉटर पेपरने सपाट करावे आणि उघड्या लांबीवर पुन्हा प्रायमर द्यावा. मग रंगाचे दोन-तीन पातळ हात, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडून. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात.

हंगामात पहाटे दव असते आणि भर दुपारी पत्रा तापतो. म्हणून सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, सावलीत आणि धुरळा नसेल अशा जागी काम करावे. ट्रॅक्टरचा मूळ रंग उन्हाने उडालेला असतो, नवा ठिपका वेगळा उठून दिसतो. शोभा हवी असेल तर पूर्ण भाग रंगवावा. हार्डनर मिसळायचा रंग फवारायचा असेल तर ते काम पेंटरकडेच द्यावे. त्याची वाफ छातीला अपायकारक असते आणि तोंडावरच्या रुमालाने ती अडत नाही.

आपल्या गाड्यांना गंज लवकर का लागतो

ज्या ट्रॉलीतून ऊस जातो तिच्यातूनच खत येते. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइड असलेले मीठच. ते दमट हवेत पाणी ओढते आणि उघड्या लोखंडावर गंज झपाट्याने वाढवते. प्रेसमड ओलसर असतो, उसाचा रस आंबून आंबट होतो. चऱ्यात हे अडकले की रंगाखालून गंज पसरतो आणि वरून फुगवटा दिसेपर्यंत पत्रा आतून खाल्लेला असतो. म्हणून खत किंवा प्रेसमड उतरवल्यावर ट्रॉली त्याच दिवशी पाण्याने धुवावी. कोपऱ्यात आणि जोडांत पाणी साचू देऊ नये.

मूळ कारणाकडेही बघू या

जाणूनबुजून काढलेले चरे कधी येतात, हे आम्ही बघत आलो आहोत. तोडीच्या क्रमावरून कुरबूर झाली, गाडीतळावर नंबर मोडून कुणी पुढे घुसला, कुणाच्या उभ्या पिकातून ट्रॅक्टर गेला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुठेतरी खिळा चालतो. खिळा चालवणाऱ्याचे समर्थन नाहीच. पण तोडीच्या क्रमाबद्दल शंका असेल तर लागणीची नोंदतारीख व जात दाखवून खुलासा मागण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे. तो हक्क गट कार्यालयात वापरावा, शेजाऱ्याच्या बॉनेटवर नव्हे. त्या ट्रॅक्टरवर बहुधा सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज असते आणि तो बंद पडला तर तुमच्याच शिवारातली एक खेप कमी होते.

गाडी शक्यतो उजेडात आणि पहारेकऱ्याच्या नजरेत लावावी. टाकीच्या झाकणाला कुलूप घालावे. पाणंदीच्या काटेरी फांद्या हंगामाआधी सर्वांनी मिळून छाटाव्यात. त्यात अर्धे चरे आपोआप टळतील. आणि पोरांनी ट्रॉलीवर नावे कोरली तर मारझोड न करता त्यांच्या हाती पॉलिश पेपर द्यावा. दोन तास घासले की रंगाची किंमत त्यांना कळते.

या विषयात काही अडचण असल्यास गट कार्यालयात जरूर यावे. पॉलिसीचा कागद सोबत आणल्यास आम्ही तो वाचून समजावून देऊ.

— ऊस विकास अधिकारी