संध्याकाळी पाय का गळतात?

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी ‘आरोग्यावर काहीतरी उपयोगाचे लिहा’ असा निरोप पाठविला, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हणणार होतो. मी वैद्य नव्हे. माध्यमिक शाळेत शास्त्र शिकविणारा एक शिक्षक. परंतु गेल्या दोन वर्षांत माझ्या स्वतःच्याच अंगावर एक प्रयोग झाला. त्यातल्या चुका सांगण्याचा अधिकार तरी मला आहे, असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

वयाची चाळिशी उलटली, पोट सुटले, आणि रक्तातील साखर सीमेवर आल्याचे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा भात बंद केला, दोन भाकरींची अर्धी केली, साखर तर सोडलीच. (बेळगावात राहून कुंद्याला नाही म्हणणे हा काही लहानसहान त्याग नव्हे!) त्याच आठवड्यापासून शाळा सुटल्यावर व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला तासभर भरभर चालणे आणि घरी येऊन जोर-बैठका, असा क्रम ठेवला. आठ दिवसांत दोन किलो वजन उतरले. मी खूष झालो. दहाव्या दिवशी मात्र संध्याकाळी सहाच्या सुमारास पायांतले बळच गेले. डोके जड, उठताना घेरी, रात्री पोटऱ्यांत गोळे. घरातल्या माणसांवर चिडचिड ती निराळीच. रोज्यांतली संध्याकाळची ग्लानी मला लहानपणापासून ठाऊक आहे. हा थकवा तसा नव्हता. भूक फारशी नव्हती, तरी शक्ती नव्हती. आपण आळशी झालो असे समजून मी व्यायाम वाढविला, आणि प्रकृती अधिकच बिघडली.

भात, भाकरी, पोळी यांतील पिष्टाची पोटात साखर होते. तिचा जो भाग लगेच खर्च होत नाही, त्यातला काही शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवते. प्रौढ माणसाच्या स्नायूंत असा साठा सुमारे ४०० ग्रॅम व यकृतात सुमारे १०० ग्रॅम असतो, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आता हिशेब करून पाहावा: हा साठा उतरला की त्याच्याबरोबरचे पाणीही जाते. माझ्या त्या दोन किलोंत चरबी थोडी आणि पाणीच पुष्कळ होते!

चरबीचा साठा आपल्यापाशी भरपूर असतो, हे खरे. पण चरबीपासून शक्ती सावकाश मिळते. रमतगमत चालण्याला ती पुरते. जोर मारताना किंवा चढ चढताना स्नायूंना साखरच हवी असते. १९६७ साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलीवर काही जणांना दमेपर्यंत बसविले, आणि त्यांच्या मांडीतील स्नायूचा कण सुईने काढून तपासला. नेहमीच्या मिश्र आहारावर ते दोन तासांच्या आसपास टिकले; तीन दिवस पिष्ट जवळजवळ वर्ज्य केल्यावर तासाभरातच थकले; आणि भरपूर पिष्ट खाल्ल्यावर अडीच तासांहून अधिक टिकले. सकाळचा नुसता चहा, दुपारचा अर्धा डबा आणि दिवसभर फळ्यापुढे उभे राहणे, एवढे झाल्यावर माझ्या कोठारात सहा वाजता काय उरत असेल, हे सांगावयास नकोच.

मग असा आहार आणि व्यायाम यांचा मेळ बसतच नाही काय? तसेही नाही. १८७८ ते १८८० या काळात श्वाटका नावाचा अमेरिकन लष्करी अधिकारी उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ मुलुखात हिंडला. नुसत्या रेनडिअरच्या मांसावर राहू लागल्यावर आरंभी अशक्तपणा येतो व दोन-तीन आठवड्यांत तो जातो, असा अनुभव त्याने नोंदवून ठेवला आहे. पुढे १९८३ मध्ये फिनी या अमेरिकन संशोधकाने पाच कसलेल्या सायकलस्वारांना चार आठवडे दिवसाला २० ग्रॅमहून कमी पिष्ट दिले. एका संथ ठरावीक गतीने ते पूर्वी सरासरी १४७ मिनिटे टिकत. नंतर १५१ मिनिटे टिकले. मात्र त्यांना मीठ वेगळे पुरविले होते, ही गोष्ट आमच्यासारखे उत्साही लोक वाचावयाचे विसरतात.

मिठाचा मुद्दाच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पिष्ट घटले की रक्तातील इन्शुलिन उतरते, आणि ते उतरले की मूत्रपिंडे सोडियम अधिक बाहेर टाकतात. त्यावर घाम गाळावयाचा, आणि वर ‘आरोग्यासाठी’ म्हणून मीठही कमी करावयाचे! घेरी आणि डोकेदुखी यांचे मूळ पुष्कळदा इथे असते. दुपारी चारला मीठ घातलेले पातळ ताक घेऊ लागल्यावर चार दिवसांत माझी घेरी थांबली. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंड यांचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून मीठ वाढवू नये.

दुसरी चूक अशी की, भाकरी काढली पण तिच्या जागी काही ठेवले नाही. ती उपासमारच होती. आता सकाळी दोन अंडी, दुपारी उसळ, दही, मूठभर शेंगदाणे, कधी मासे असा आहार असतो. आणि दिवसाची जी भाकरी खावयाची, ती रात्रीच्या ताटातून काढून व्यायामाच्या दीड तास आधी खातो. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत सुमारे ३५ ग्रॅम पिष्ट असते. संध्याकाळच्या कामाला तेवढे पुरते. पहिले तीन आठवडे नुसते चालावे, जोर-बैठका मागाहून. एवढे करूनही थकवा हटला नाही, तर रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड व ब-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. आपल्या भगिनींनी तर हिमोग्लोबिन आधीच तपासावे.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी यातले काहीही मनाने करू नये. माझे एक स्नेही ग्लिमेपिराइड घेत. माझे पाहून त्यांनीही भाकरी सोडली, गोळी तीच ठेवली. तिसऱ्या संध्याकाळी चालता चालता त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. थकले असतील म्हणून मी त्यांना बाकावर बसवून वारा घालीत होतो! शेजारच्या एका बाईंनी ओळखले आणि तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, म्हणून पंधरा मिनिटांत ते सावरले. डापाग्लिफ्लोझिन व तिच्या जातीच्या गोळ्यांचा धोका निराळा: पिष्ट फार तोडल्यास रक्तात आम्ल साठू शकते, आणि तेही साखर फारशी वाढलेली नसताना. मळमळ, उलटी, धाप अशी लक्षणे दिसल्यास ‘व्यायामाचा शीण’ म्हणून पडून न राहता तडक इस्पितळ गाठावे.

स्नेह्यांची गोळी पुढे डॉक्टरांनी कमी केली. हल्ली आम्ही दोघे बरोबरच चालतो. साखरेची पुडी मात्र दोघांच्याही खिशात असते.