कोळंबीची वाढ खुंटल्यास

कोकणातील निमखाऱ्या तळ्यांत कोळंबी वाढेनाशी झाली की बहुतेक संवर्धक प्रथम खाद्य वाढवितात. हा उपाय महाग व घातक होय; उरलेले खाद्य तळाशी कुजून प्राणवायू घटवते. कोळंबी कात टाकूनच वाढते आणि नव्या कवचासाठी तिला पाण्यातील चुन्याचा अंश लागतो. मोठ्या पावसाने पाण्याची अल्कलिनिटी उतरते व कवच मऊ राहते. ती लिटरला १०० मिलिग्रॅमखाली आढळल्यास डोलोमाइट किंवा शेतीचा चुना थोडाथोडा द्यावा. पहाटेचा प्राणवायू ४ मिलिग्रॅमहून कमी नसावा. मात्र एकाच तळ्यातील कोळंबीचे आकार फार विषम दिसल्यास ईएचपी या रोगाचा संशय घ्यावा. तेथे चुन्याचा उपयोग नाही. बीज सोडण्यापूर्वीच त्याची पीसीआर तपासणी करून घ्यावी.