न्हाणीची दुरुस्ती : थोड्या पैशांत

घरात न्हाणी सगळ्यांत लहान. पण तिथे घरातल्या प्रत्येकाचा पाय रोज पडतो. फरशी उखडली की म्हातारी माणसे घसरतात. पडून खुब्याचे हाड मोडले, तर चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते. पाणी तुंबले की भिंतीला ओल धरते आणि डास होतात. आडोसा नसला तर लेकीसुनांना पहाटे अंधारात अंग धुवावे लागते. म्हणून न्हाणी नीट करणे ही चैन नव्हे.

"पण पैसा कुठून आणायचा?" असे आपण म्हणतो. खरे आहे. पैसा थोडा आहे, म्हणून तर आधी विचार करायचा. गवंड्याला बोलावण्याआधी वही हातात घ्यायची. आता आपल्याला लिहिता येते. मग आपला हिशेब आपणच लिहू या.

पहिले काम : पाण्याची वाट

पुष्कळ जण आधी रंगीत फरशी आणतात. पाणी मात्र दारातच तुंबते. मग ती फरशी काय कामाची? पहिला पैसा पाण्याच्या वाटेवर खर्च करावा.

साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. हत्तीरोग पसरवणारा डास अशाच घाण पाण्यात वाढतो.

यावर उपाय शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे केले आणि डासांना आळा घातला. खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खणावा. तळाला मोठे दगड, वर लहान दगड भरावेत. पाणी पडते तिथे तळाला भोके पाडलेले मडके ठेवावे. मडक्यात काथ्या घालावा. तो साबणाचा मळ आणि केस अडवतो. काथ्या अधूनमधून बदलायचा, बरं का! खड्डा विहिरीपासून निदान 50 फूट लांब हवा. संडासाचे पाणी त्यात सोडू नये.

काळ्या चिकणमातीत पाणी लवकर मुरत नाही. तिथे हे पाणी परसातल्या केळीला, अळूला द्यावे.

खणण्याची मजुरी घरच्या हातांनी वाचते. रोजगार हमी योजनेतून शोषखड्ड्याला मदत मिळू शकते. ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

दुसरे काम : फरशी

शहाबादी फरशी घ्यावी. तिची खरबरीत बाजू वर ठेवावी. गुळगुळीत फरशीवर ओला पाय घसरतो. जुनी फरशी शाबूत असेल तर धुऊन पुन्हा बसवावी.

उतार पाण्याच्या वाटेकडे हवा. दर फुटाला पाव इंच उतार पुरे. न्हाणी पाच फूट लांब असेल तर एकूण सवा इंच. फरशी पक्की बसवण्याआधी तांब्याभर पाणी ओतून पाहावे. पाणी सरळ बाहेर गेले पाहिजे.

तिसरे काम : भिंत

सगळी भिंत गिलावा करण्याची गरज नाही. पाणी उडते तिथपर्यंत, म्हणजे तीन फूट उंच, सिमेंटचा गिलावा करावा. एक घमेले सिमेंटला चार घमेली वाळू घ्यावी. वाळू चाळलेली हवी. गिलाव्यावर सात दिवस तरी पाणी मारावे. पाणी मारायला पैसे पडत नाहीत, पण ते चुकवले तर गिलाव्याला भेगा पडतात.

घरात म्हातारे माणूस असेल तर भिंतीत लोखंडी नळीचा एक दांडा बसवून घ्यावा. धरून उठता येते.

आता हिशेब

समजा, न्हाणी 4 फूट रुंद आणि 5 फूट लांब आहे.

फरशी : 4 × 5 = 20 चौरस फूट. तुटफुटीसाठी 2 जास्त. एकूण 22.

भिंत : चारही बाजू मिळून 18 फूट. दाराचे 2 फूट वजा. राहिले 16. तीन फूट उंची धरून 16 × 3 = 48 चौरस फूट.

सिमेंट : फरशी आणि भिंत मिळून 50 किलोच्या दोन पिशव्या पुरतात.

वहीत चार रकाने आखावेत : माल, किती, दर, रक्कम. दोन दुकानांत दर विचारून लिहावेत. गवंड्याची मजुरी आधी ठरवून तीही लिहावी. बेरजेवर दहा रुपयांना एक रुपया जास्त धरावा. ऐन वेळी काहीतरी निघतेच.

बेरीज हातातल्या पैशांपेक्षा जास्त झाली तर? कर्ज काढू नये. या वर्षी पाण्याची वाट आणि फरशी करावी. भिंत पुढच्या सुगीनंतर. रंग सगळ्यांत शेवटी.

करून पाहा

1. आपल्या न्हाणीची लांबी-रुंदी मोजून वहीत लिहा.
2. फरशी किती चौरस फूट लागेल?
3. न्हाणीचे पाणी आज कुठे जाते? जाऊन पाहा आणि दोन ओळी लिहा.
4. कोणते काम आधी करायचे ते घरातल्या बायकांना विचारा. न्हाणीची अडचण त्यांनाच जास्त ठाऊक असते.