पर्वतीची सहल : इतिहास-भूगोलाचा एक पाठ

वालचंदनगर व आसपासच्या गावांतील शाळांची सहल पुण्यास निघाली, की पर्वती हे स्थळ कार्यक्रमात बहुधा असतेच. परंतु पायऱ्या चढणे, दर्शन घेणे व शिदोरी सोडणे एवढ्यातच वेळ गेला, तर सहल घडते, पाठ घडत नाही. पुढील क्रम ठेवल्यास दोन्ही साधतील.

पूर्वतयारी : सहलीपूर्वी फळ्यावर पुण्याचा साधा नकाशा काढावा. मुठा नदी, शनिवारवाडा व पर्वती एवढेच त्यात दाखवून मुलांकडून तो वहीत उतरवून घ्यावा. सोबत तीन सने द्यावीत : १७३० शनिवारवाड्याची पायाभरणी, १७४९ नानासाहेब पेशव्यांनी बांधविलेले देवदेवेश्वर मंदिर, १७६१ पानिपतचा संग्राम.

प्रत्यक्ष पाहणी : शंभरावर पायऱ्या चढून वर आल्यावर प्रथम सूर्यावरून दिशा ठरवाव्यात. उत्तरेस जुने शहर व नैर्ऋत्येस सिंहगड मुलांनी स्वतः शोधावा. टेकडीच्या पायथ्याशी मुठा उजवा कालवा आहे. खडकवासल्याचे पाणी या कालव्याने दौंड व इंदापूरकडे येते. नीरा डावा कालवा रोज पाहणाऱ्या मुलांना आपल्या तालुक्याचा पुण्याशी असलेला हा संबंध येथे सहज उमगेल.

त्यानंतर इतिहास सांगावा. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. त्या आघाताने खचलेल्या नानासाहेबांचा त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वतीवर अंत झाला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाने खडकीची लढाई येथूनच पाहिली. ती दिशा मुलांना बोटाने दाखवावी.

आणखी एक प्रसंग अवश्य सांगावा. ऑक्टोबर १९२९ मध्ये, अस्पृश्य मानल्या गेलेल्या नागरिकांनी या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह केला. शिवराम जानबा कांबळे व पां. ना. राजभोज हे त्यात अग्रभागी होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली व दार त्यांच्यासाठी उघडले नाही. पुढे १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. आज वर्गातील सर्व मुले एकाच रांगेने त्या दारातून आत जातात, ही गोष्ट आपोआप घडलेली नाही, हे त्यांना तेथेच समजले पाहिजे. हे सांगताना कोणाही मुलाकडे निर्देश होणार नाही, याची शिक्षकांनी दक्षता घ्यावी.

परतल्यावर : वहीत दोन रकाने आखावेत, एकात ‘स्वतः पाहिले’, दुसऱ्यात ‘दुसऱ्याकडून ऐकले’. दुसऱ्या रकान्यातील प्रत्येक गोष्ट खरी कशावरून, हा प्रश्न विचारून मुलांना शाळेतील पुस्तके चाळू द्यावीत. शेवटी पुढील प्रश्न द्यावेत :

१. पर्वतीवरून शहर पाहताना नकाशातील कोणत्या खुणा ओळखता आल्या?
२. मंदिर कोणी बांधविले, हे पुस्तकात मिळते. ते प्रत्यक्ष बांधणाऱ्या पाथरवटांविषयी काय मिळते?
३. आपल्या गावात सर्वांना मोकळे असलेले व पूर्वी तसे नसलेले ठिकाण कोणते? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.